पहिल्या शेजाऱ्याचं दार

कुमुदिनी शेतकऱ्याची बायको होईल असं कोणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ठाण्याला नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर वाढलेली मुलगी. दूध पिशवीतून येतं, यापलीकडे गाईशी तिचा संबंध नव्हता. आम्ही दोघी अठ्ठ्याण्णव साली परदेशात, एनस्खेडेला शिकायला आलो. मी कॉम्प्युटरसाठी, ती जमीनमोजणी आणि नकाशांसाठी. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आमच्या दोघींत एकच कुकर होता, त्यावरून रोज भांडण. भांडता भांडता मैत्रिणी झालो.

एकदा मोजणीच्या प्रात्यक्षिकाला तिच्या वर्गाला गावाबाहेर नेलं होतं. हिने आपली तिपाई नेमकी एका मक्याच्या शेताच्या मधोमध रोवली. शेताचा मालक लांब ढांगा टाकत आला आणि त्याने हिला अशी झापली की बाकीची मुलं पांगली. ही तिथेच उभी, कारण डच भाषेतलं एक अक्षर तिला कळलं नव्हतं. ओरडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की पोरगी थंडीने कुडकुडतेय. मग त्याने ट्रॅक्टरमधला थर्मास आणला आणि तिला कॉफी दिली. बेरेंड त्याचं नाव. दोन वर्षांनी हिने त्याच्याशी लग्न केलं, तेव्हा नौपाड्यात हलकल्लोळ झाला. परदेशी जावई चालला असता हो, पण साठ गाईंसकट कोणाला हवा होता!

मी पुढे नोकरीसाठी पश्चिमेला आले, अ‍ॅमस्टरडॅम झुइडासच्या काचेच्या इमारतीत बसू लागले, विश्वासशी लग्न केलं आणि नीउ-व्हेनेपला घर घेतलं. म्हणजे सगळ्यांनी केलं तेच केलं. कुमुदिनी मात्र एनस्खेडेपासून वीस मिनिटांवरच्या त्या शेतवस्तीत गेली. आठ-दहा घरं, मध्ये मका आणि गवत. सुरुवातीला तिचे फोन यायचे ते निव्वळ किंचाळ्या असायच्या. "शुभदा, आज मी खांद्यापर्यंत हात घातला गं गाईत! वासरू अडलं होतं!" मी लंच ब्रेकमध्ये सँडविच खाली ठेवायचे.

पण बाई शिकली. पहाटे दूध काढणं, वासरांना बाटली, कोणती गाय लंगडते, कोणती नुसतं नाटक करते, सगळं. व्यायलेली गाय दिसली की हिची नजर चिकावर. वासराचं पोट भरलं की उरलेला चीक घरात आणायची आणि खरवस लावायची, वेलची घालून. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, सून वेडी झाली. वासराचं अन्न माणसांना कोण वाढतं? दुसऱ्या वर्षीपासून त्या स्वतःच वाटी घेऊन बसायला लागल्या. शेजारच्या डिनीकडेही खरवस जायचा. डिनीच्या नवऱ्याचं नाव हेरमान. मक्याच्या शेतापलीकडचं घर त्यांचं.

हेरमान आणि डिनी हे बेरेंडचे पहिले शेजारी. हे नुसतं अंतर मोजून म्हणत नाही मी. त्या भागात शेजाऱ्याला 'नोआबर' म्हणतात आणि नोआबर म्हणजे लिफ्टमध्ये हसणारा माणूस नव्हे. लग्न, बाळंतपण, आजार, मरण, प्रत्येक वेळी त्याने काय करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आपल्या वैदेहीच्या जन्माच्या वेळी... आपल्या म्हणजे कुमुदिनीच्या. पण मी तिला पोटची मानते... तर तेव्हा ही हॉस्पिटलमधून घरी आली तो डिनीने घर झाडून-पुसून, सूप करून ठेवलं होतं. आणि मला हे ऐकून खरंच हेवा वाटला, कारण माझ्या अथर्वच्या वेळी माझ्या शेजारणीने कार्ड पाठवलं होतं, आणि ते छान होतं, पण कार्डाला सूप कुठून असणार?

सन दोन हजार नऊमध्ये सासूबाई गेल्या, घरात, झोपेतच. त्या सकाळी बेरेंड कोट न घालताच बाहेर पडला. कुमुदिनीला वाटलं, रडायला गेला असेल; बायकोसमोर रडायचा नाही तो. अर्ध्या तासाने परतला आणि त्याच्या मागोमाग अंगण माणसांनी भरलं. हेरमानने गोठा ताब्यात घेतला, डिनीने स्वयंपाकघर. कोणी काही विचारलं नाही, कप कुठे आहेत हेसुद्धा नाही. पुढे दफनाच्या दिवशी सहा शेजाऱ्यांनी सासूबाईंना घराला जोडून असलेल्या गोठ्याच्या मोठ्या, दोन झडपांच्या दारातून खांद्यावर नेलं. त्या दारातून नवरी आत येते आणि गेलेलं माणूस बाहेर जातं, अशी तिथली रीत. कुमुदिनीही त्यातूनच आत आली होती, नऊवारी सावरत.

"अगदी आपल्यासारखं गं, शुभदा," तिने मला त्या रात्री फोनवर सांगितलं. "कोणाला बोलवावं लागलं नाही. कळलं तशी माणसं आली." हे तिने नंतर मला किती वेळा सांगितलं असेल! आमच्या गणपतीला आली की आयटीवाल्या बायकांना सुनावायची: तुम्ही म्हणता डच माणसं कोरडी, या एकदा आमच्याकडे. आणि बेरेंड, मोदक खाता खाता, हसत सांगायचा, "हेरमानने आईला नेलं. मला पण तोच नेणार. आधी तो गेला तर मी त्याला." त्याचा हिशेब इतका सरळ होता. आपल्या दारातून, शेजाऱ्यांच्या खांद्यावरून जायचं, एवढी एकच गोष्ट त्याला मेल्यावर हवी होती.

मार्च दोन हजार वीसमध्ये त्याला खोकला सुरू झाला. हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, फोनवर पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. पाचव्या की सहाव्या दिवशी त्याला जिना चढवेना, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स आली. तो स्वतः चालत गेला. गाडीत बसताना त्याने कुमुदिनीला सांगितलं, काळ्या तोंडाच्या गाईवर लक्ष ठेव, आज-उद्या व्यायची आहे. हे त्याचं तिच्याशी समोरासमोरचं शेवटचं बोलणं.

एवढा धिप्पाड माणूस! गवताचे गठ्ठे असे फेकायचा की आमचा विश्वास नुसतं बघून दमायचा. आणि आठवड्यात संपला. हॉस्पिटलमध्ये कोणाला सोडत नव्हते. नर्सने त्याच्यासमोर टॅब धरला, आणि कुमुदिनीने अन् सतरा वर्षांच्या वैदेहीने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्याला जाताना पाहिलं. बाहेर गोठ्यात गाई हंबरत होत्या, दूध काढायची वेळ उलटून गेली होती. मग मायलेकी उठल्या आणि दूध काढायला गेल्या. दुसरं कोण होतं?

मला वैदेहीचा मेसेज आला. मी लगेच फोन केला. विश्वासलाही तेव्हा खोकला होता, आमचं घर बंद, मला निघता येईना. फोनवर कुमुदिनीचा आवाज अगदी सपाट होता.

"आता येतील सगळे," ती म्हणाली. "आम्ही क्वारंटाइनमध्ये आहोत, आत नाही येणार. पण अंगणात उभे राहतील. मी कॉफीचा मोठा थर्मास बाहेर बाकावर ठेवलाय."

"त्यांना कळलंय ना?"

"दुधाच्या टँकरवाल्याला वैदेहीने खिडकीतून सांगितलं. म्हणजे गावालाच सांगितल्यासारखं की."

दुपारी फोन केला. कोणी आलं नव्हतं. संध्याकाळी केला. हेरमानचा ट्रॅक्टर घरासमोरून गेला, थोडा हळू झाला, पण थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. थर्मासमधली कॉफी तिने ओतून टाकली आणि नवी भरून ठेवली. गोठ्यात मदतीला एका एजन्सीचा अनोळखी माणूस येऊ लागला. हिला स्वतःला ताप, वैदेहीला ताप, आणि ही खिडकीशी बसून रस्त्याकडे बघतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं या बाईने त्यांना खरवस खाऊ घातला! डिनीचा गुडघा मोडला तेव्हा हिने महिनाभर तिच्या कोंबड्या सांभाळल्या! मी म्हटलं, "फोन लाव हेरमानला आणि विचार, की बाबा रे, तुला लाज आहे का?"

"मी?" ती आश्चर्याने म्हणाली. "माझा नवरा गेलाय, शुभदा. मी फोन करून लोकांना बोलावू? या म्हणून?"

खरंच होतं ते. आपल्याकडे कोणी असं करतं का? लग्नाला अक्षता द्यायला जातो आपण. मरणाला बोलावणं नसतं. कळलं की माणसं येतात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरची बाई तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, तिला पाणीसुद्धा दुसरं कोणी आणून देतं. ती वाट बघत होती, ते बरोबरच होतं. मी तिच्या जागी असते तर मीही तशीच बसले असते, फक्त जास्त शिव्या देत.

दफनाच्या आदल्या दिवशी मायलेकींचा क्वारंटाइन संपला. तीस माणसांना परवानगी होती. अंत्यविधीच्या लोकांनी छापील कार्डं पाठवली होती. मजकूर त्यांचाच, त्या दिवसांत सगळ्यांना एकच असायचा, की परिस्थितीमुळे निरोप घरच्यांपुरता. कुमुदिनीने तो वाचलाही नव्हता, वैदेहीने फोनवर हो म्हणून टाकलं होतं. मी लाइव्हस्ट्रीम लावून बसले. गाडी आधी अंगणात आली, त्या मोठ्या दारासमोर दोन मिनिटं थांबली. दार बंद होतं. मग दफनभूमी. काळ्या कोटातली सहा भाड्याची माणसं, एकसारख्या उंचीची, हातमोजे घातलेली. त्यांनी बेरेंडला नेलं. मागे फक्त त्या दोघी, एक भटजी... छे, पाद्री, आणि फांद्यांवर पानं नसलेली झाडं. तीसपैकी सत्तावीस जागा रिकाम्या. मी स्क्रीनसमोर मोठ्याने रडले, आणि दुःखापेक्षा जास्त धक्क्याने रडले. एवढी माणसं एवढ्या लवकर परकी होतात?

त्यानंतरचं वर्ष मी सविस्तर सांगत नाही. काही घडलंच नाही, हेच काय ते घडलं. डिनी दिसली की मान हलवायची आणि सायकल पुढे काढायची. हेरमान मानही हलवायचा नाही. कुमुदिनीने आधी मनाची समजूत घातली, कोरोनाला घाबरत असतील. उन्हाळ्यात सगळं उघडलं, माणसं बागांमध्ये बसून बिअर प्यायला लागली, तरी कोणी आलं नाही. मग तिने ठरवलं की बेरेंड होता म्हणून ती त्यांची होती. तो गेला, ती पुन्हा परदेशी बाई झाली. हे एकदा मनात बसल्यावर तिने खरवस लावणं बंद केलं, बोलणं बंद केलं, आणि हिवाळा लागता लागता मला म्हणाली, "गाई विकते. तुझ्याकडे नीउ-व्हेनेपला एखादं लहान घर बघ."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्याच दिवशी घरं बघायला लागले. वैदेहीने मात्र थयथयाट केला. या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती डचमध्ये देते. तिने आईला सांगितलं की गाई जाणार असतील तर मी त्यांच्याबरोबर जाईन, तुझ्याबरोबर नाही. पण त्या वयातल्या मुलीचं कोण ऐकतं?

एकवीसच्या फेब्रुवारीत खूप बर्फ पडला, त्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. एका घरात एकच पाहुणा, असा तेव्हा नियम. तो पाहुणा मी. आम्ही कपाटं रिकामी करत होतो. गाईंचा व्यापारी दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता. सकाळी नऊच्या सुमाराला कुमुदिनी खिडकीशी थबकली.

"डिनी येतेय," ती म्हणाली.

मक्याचं शेत पांढरं झालं होतं आणि त्यातून डिनी सरळ येत होती, रस्ता सोडून, गुडघाभर बर्फातून. सत्तरीची बाई. अंगात काळा कोट, डोक्याला काही नाही. मी म्हटलं, आता आली का ही, वर्षभराने? चांगले चार शब्द सुनावते. कुमुदिनीने दार उघडलं. डिनी उंबऱ्यापासून चार पावलं अलीकडे थांबली.

"कुमुदिनी," ती म्हणाली, "हेरमान गेला. आज पहाटे, हृदय बंद पडलं. तुला सांगायला आले."

मी तयार ठेवलेले चार शब्द घशातच राहिले. कुमुदिनी तशीच अनवाणी दारात पुढे झाली. "अगं, तू कशाला आलीस? या बर्फातून? आज? तू घरी थांबायचं, मला कळलंच असतं, मी आले असते..."

"मीच यायला हवं," डिनी म्हणाली. "पहिल्या शेजाऱ्याला घरचं माणूस सांगतं. दुसरं कोण सांगणार?"

"पण ज्याच्या घरी..."

"मग तो पुढच्यांना सांगतो. मग सगळे येतात. सांगितल्याशिवाय कोण येईल दुसऱ्याच्या मरणात?" डिनीचा आवाज थरथरत होता, पण ती रडत नव्हती. "तू आली नाहीस. तुम्ही दोघी आजारी होतात, मान्य. खिडकीतून हाक मारली असतीस. फोन केला असतास. हेरमान काळा सूट घालून बसला होता, रोज, बूटसुद्धा काढेना. ट्रॅक्टर घेऊन तुझ्या दारासमोरून गेला, तू दिसलीस तर थांबेन म्हणून. आणि मग पोस्टाने कार्ड आलं. जनावरांच्या डॉक्टरला जातं तसं, आम्हाला! त्यावर लिहिलेलं, घरच्यांपुरतं. हेरमानने ते वाचलं, सूट काढला आणि नंतर तुझं नाव घेतलं नाही."

मला वाटलं माझ्याच कानाखाली कोणी वाजवली. मी कुमुदिनीकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं: कोट न घालता घराबाहेर पडलेला बेरेंड. तो रडायला गेला नव्हता. तो हेरमानच्या दारी गेला होता. माणसं न सांगता आली नव्हती. त्याने जाऊन सांगितलं होतं, म्हणून आली होती. आणि वीस वर्षांत बेरेंडला कधी हे सांगायचं सुचलं नाही, कारण सूर्य कुठे उगवतो हे कोण कोणाला सांगत बसतं?

"मी वाट बघत होते," कुमुदिनी म्हणाली. वीस वर्षांची डच भाषा एकदम तिच्याजवळून निघून गेली. "आमच्याकडे... आमच्याकडे कोणी सांगत नाही. बोलवत नाही. येतात. मी कॉफी ठेवली होती बाहेर, डिनी. रोज ठेवत होते."

"तो थर्मास?" डिनी म्हणाली. "हेरमानने पाहिला होता. त्याला वाटलं, एजन्सीच्या माणसासाठी असेल."

मागून वैदेही गोठ्यातले बूट घालून आली होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा बघवत नव्हता, कारण कार्डाला हो तिने म्हटलं होतं. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. वर्षभर जमवलेला माझा सगळा राग हातात तसाच, आणि द्यायला एक माणूस सापडेना. कोणी वाईट वागलंच नव्हतं! दोन घरांनी, मध्ये एक मक्याचं शेत ठेवून, एकमेकांची वाट बघितली होती, आणि तेवढ्यात बेरेंडला भाड्याची माणसं घेऊन गेली. हेरमान तर आता हे ऐकायलाही नव्हता.

"इतका राग होता तर आज का आलीस?" कुमुदिनीने विचारलं.

डिनीला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "तू कशी वागलीस ते तुझं," ती म्हणाली. "माझं मला करायला नको? पहिली शेजारीण तू आहेस." मग, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं, हळू आवाजात, "आता तू विचारायचं असतं, आम्ही काय करायचं म्हणून."

"आम्ही काय करायचं?" कुमुदिनीने विचारलं.

डिनीने सांगितलं. पुढच्या घरातल्या यानला आणि बाकी सगळ्यांना कळवायचं. संध्याकाळचं दूध कोणीतरी काढायचं. गुरुवारी सकाळी खांद्याला सहाजण, एक पहिल्या शेजाऱ्याच्या घरातला. सांगता सांगता तिचा तोल गेला, तेव्हा कुमुदिनी दीड मीटरचं अंतर वगैरे विसरून बर्फात उतरली आणि तिने तिला धरलं. अनवाणीच. मी मागून चपला घेऊन धावले.

वैदेही डिनीला घेऊन तिच्या घरी गेली, आणि तिथूनच हेरमानच्या गोठ्यात. कुमुदिनीने काळा कोट अंगात चढवला, बेरेंडच्या दफनाला घातलेला. मी गाडी काढते म्हटलं, तर नको म्हणाली, चालत जायचं असतं. असं तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. निघताना टेबलावर तिचा फोन वाजत होता, गाईंच्या व्यापाऱ्याचा. तिने तो वाजू दिला.

पहिलं घर यानचं. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, एकटा. वाटभर कुमुदिनी मराठीत स्वतःशी पुटपुटत होती, "कसं सांगू, कसं सांगू." मला वाटलं हेरमानचं. दार वाजवलं. यानने उघडलं, आधी तिच्याकडे, मग तिच्या काळ्या कोटाकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"यान, हेरमान गेला. आज पहाटे. डिनीने सांगायला पाठवलंय."

म्हाताऱ्याने डोळे मिटले, उघडले. "आम्ही काय करायचं?"

"गुरुवारी सकाळी त्यांच्या मोठ्या दारापाशी. खांद्याला माणसं लागतील. तुमचा मुलगा येईल का? आमच्या घरातून मी आहे."

मी दचकून तिच्याकडे बघितलं. नौपाड्यातली बाई खांदा देणार! यान मात्र दचकला नाही. त्याने मान हलवली, मुलगा येईल म्हणाला, आणि दार लावायला वळला. कुमुदिनी हलली नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

तो थांबला.

"बेरेंड गेला." तिचा आवाज पहिल्या शब्दालाच फुटला, पण तिने वाक्य पूर्ण केलं. "मार्चमध्ये गेला. हॉस्पिटलमध्ये. मला माहीत नव्हतं की मी यायचं असतं. आता सांगायला आले."

टोपी यानच्या हातातच होती. आणि मग, वर्षानुवर्षं दारात उभं राहून जे विचारायची सवय होती तेच त्याच्या तोंडून आलं.

"आम्ही काय करायचं?"

विचारलं आणि त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. करायचं काही उरलंच नव्हतं. ती त्या म्हाताऱ्यासमोर बर्फात उभी राहून रडली, वर्षभर न रडलेलं सगळं रडली, आणि तोही दाराची चौकट धरून रडला. मग तिने डोळे पुसले आणि आम्ही पुढच्या घराकडे निघालो. तिथेही तिने आधी हेरमानचं सांगितलं, मग बेरेंडचं. आणि तिथल्या बाईनेही तेच विचारलं.